तवंदीचा घाट चढलेली चकती

मी चकती बोलतेय. चामड्याची, तळहाताएवढी, मधोमध बोल्टाचं भोक असलेली. दिसायला मी काही देखणी नाही, हे आधीच सांगून टाकते. पण ज्या वेगानं मी मोटारीतून तवंदीचा घाट चढले, त्या वेगानं निपाणीतलं दुसरं कुठलंही कातडं चढलेलं नाही. बढाई वाटली तर वाटू द्या. खरं बोलायला मी लाजत नाही.

माझं मूळ एका म्हशीच्या पाठीत. चुन्याच्या कुंडात पडले, बाभळीच्या सालीच्या पाण्यात महिनाभर मुरले, उन्हात वाळले आणि निपाणीच्या चांभार गल्लीत भरमूच्या दारात येऊन पडले. भरमू कातडं डोळ्यांनी पारखत नसे, कानांनी पारखत असे. बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि कान लावायचा. माझ्यावर त्यानं दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "हे तळाला." म्हणजे मी चपलेचा तळ होणार, असं ठरलं. माझी काहीच हरकत नव्हती. भरमूची चप्पल पायात असणं ही सदलग्यापर्यंत मानाची गोष्ट होती.

पण १९३८ सालच्या दिवाळीनंतर मष्णू ड्रायव्हर आमच्या दारात आला आणि माझं नशीबच बदललं.

मष्णू तंबाखूच्या वखारवाल्यांकडे नोकरीला होता. वखारीचे धाकटे मालक शरदराव बेळगावात शिकलेले. तिथेच कॅम्पातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून, तो विलायतेला परतत असताना, त्यांनी त्याची मोटार घेतली होती. बुटकी, दोन माणसांची, टप नसलेली. हौसेला मोल नसतं म्हणतात ते शरदरावांकडे बघून पटायचं. मुंबईहून नवा कार्ब्युरेटर आला, सायलेन्सर बदलला, मष्णूनं इंजिनाचं हेड उतरवून घासून पुन्हा बसवलं. गाडी अशी काही पळू लागली की रस्त्यावरच्या कोंबड्यांना विचार करायलाही वेळ मिळेना.

गाडी पळायला लागली खरी, पण रस्त्यावर टिकेना. वळणावर मागची चाकं उसळायची आणि उसळतच राहायची. त्या गाडीत प्रत्येक चाकापाशी लोखंडी हातांची एक कात्री होती. चाक उसळलं की कात्री उघडझाप करायची, आणि तिच्या सांध्यात दाबून बसवलेल्या लाकडी चकत्या घासून ती उसळी जिरवायच्या. आमच्याकडच्या उन्हानं आणि धुळीनं त्या चकत्या तडकल्या होत्या. नव्या विलायतेहून यायला तीन महिने लागणार, आणि तवंदीच्या घाटातली मोटारींची शर्यत तीन आठवड्यांवर आलेली.

मष्णूनं तडकलेली चकती भरमूपुढे ठेवली. "आप्पा, लाकूड टिकंना. कातडं टिकंल का?"

भरमूनं ती उलटसुलट केली. "घासायचंच असंल तर कातड्यागत दुसरं काय न्हाय. माणूस जलमभर घासतोय की."

झालं. मी आणि माझ्या सात बहिणी, अशा आठ जणी त्यानं रापीनं कापल्या. दगडावर ठोकल्या, कडा तासल्या. आणि मग त्यानं जे केलं ते कोणत्याही चांगल्या कारागिरानं केलं असतं. करडईचं तेल कोमट करून त्यानं ते आम्हाला पोटभर पाजलं. कोरडं कातडं दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा त्याच्या आज्यापासूनचा नेम. मष्णूलाही ते योग्यच वाटलं. उलट त्यानं निघताना विचारलं, "तेल पाजलंय न्हवं?"

"मग काय कोरडं पाठवू? लोक शेण घालतील तोंडात."

मी मागच्या डाव्या चाकापाशी बसले. मष्णूनं बोल्ट आवळला आणि शरदराव एकटेच गाडी घेऊन घाटाकडे निघाले. मला वाटलं होतं, आता दाखवते माझी ताकद. पहिल्याच मोठ्या वळणावर चाक उसळलं, कात्री उघडली आणि मी सुळकन सरकले. घट्ट धरायला गेले तर माझ्याच अंगातलं तेल मला धरू देईना. गाडी दोनदा नाचली, रस्ता सोडून चरात जाऊन तिरकी झाली. शरदरावांच्या कपाळाला खोक पडली. जन्मात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वखारीच्या अंगणात तंबाखू चाळणाऱ्या तीस-चाळीस बायकांसमोर शरदराव मष्णूवर कडाडले. "चपलेचं कातडं घातलंस माझ्या गाडीला? पायाखालची वस्तू पायाखालीच शोभते! काढ ती घाण आणि दे फेकून. त्या भरमूला म्हणावं, चपला शीव, मोटारीच्या नादाला लागू नकोस."

त्या बायकांत भरमूची बायको अंबुबाई बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण तिच्या हातातली चाळणी थांबली.

आम्हा आठही जणींना मष्णूनं वखारीमागे तंबाखूच्या भुकटीच्या ढिगावर टाकलं. इकडे गल्लीत बातमी पोचायला किती वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत जो तो भरमूला विचारू लागला. त्याचं काम बिघडलं असं याआधी कुणी म्हटलं नव्हतं. तो रापी हातात घेऊन नुसता बसून राहायचा. कुणी चप्पल दुरुस्तीला आणली तरी आधी विचारायचा, "माझ्याकडनंच करून घ्यायची हाय न्हवं?" हे मला पुढे अंबुबाईच्या तोंडून कळलं. त्याचं नाव माझ्यामुळे गेलं होतं.

सहाव्या दिवशी भुकटी उपसायला अंबुबाईच आली. खोरं आमच्यावर आपटलं. तिनं मला उचललं, झटकलं, तर माझ्याभोवती भुकटीचे काळे गोळे चिकटलेले. तिनं ते चुरडून बघितले, बोटाला तेल लागलं. मग तिनं मला दोन्ही हातांत धरून चोळलं. मी तिच्या हातात जरासुद्धा सरकले नाही. तिनं आम्हाला पदरात गुंडाळलं आणि तडक घर गाठलं.

"ह्ये बघा," ती भरमूला म्हणाली. "कातडं वंगाळ न्हाय. तेलानं घात केलाय."

"तेलानं कसा घात हुईल? खुळी का काय तू?"

"वखारीत दिव्याचं तेल सांडलं की आमी भुकटीच टाकतो. भुकटी सगळं तेल पिती. सा दिवसांत ह्यांचंबी पिली. धरून बघा की."

भरमूनं धरून बघितलं, पण मान हलवली. "माझ्या आज्यानं शिकवलंय. कोरडं कातडं दाराबाहेर घालवायचं न्हाय."

"चप्पल पायाला लागू नये म्हणून तेल. हितं तर लागायलाच पायजे न्हवं?"

आज्याचा नेम मोडणं भरमूला बोट कापून घेण्याइतकं जड होतं. पण कारागीर खरा असला की त्याला कळलेलं नाकारता येत नाही. त्यानं रापी घेतली, माझ्या दोन्ही अंगांवरचा तेलकट थर खरवडला, पुन्हा भुकटीत चोळलं, पुन्हा खरवडलं. दोन दिवस तो हेच करत होता. तिसऱ्या दिवशी आम्हाला फडक्यात बांधून तो स्वतः वखारीत गेला.

"मालक, चूक माझी हुती," तो सरळ म्हणाला. "कातड्याची न्हवती. परत बसवून बघा."

शरदराव कपाळावरच्या पट्टीला हात लावून हसले. "आणि पुन्हा चरात गेलो तर?"

"तर दोघंबी जाऊ. कातडं माझं हाय. बाजूला मी बसतो."

शरदरावांनी बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. फडक्याच्या फटीतून मी ते बघत होते. चराची भीती त्यांना नव्हती, तेवढी छाती त्यांची होती. प्रश्न त्या बाजूच्या जागेचा होता. तिथे भरमूसारखा माणूस कधी बसला नव्हता, आणि अंगणातल्या सगळ्या बायका आता चाळण्या ठेवून बघत होत्या. अखेर शरदरावांनी मष्णूला म्हटलं, "बसव त्या चकत्या." आणि मग भरमूला, "बस."

तेच वळण आलं. भरमूनं डोळे मिटले नाहीत, दोन्ही हात मांडीवर ठेवले. चाक उसळलं, कात्री उघडली आणि मी धरलं. असं धरलं की कात्रीला उघडायला माझी परवानगी घ्यावी लागली. चाक एकदाच उसळलं आणि खाली बसलं. पुढचं वळण, त्यापुढचं वळण, तेच. घाटमाथ्यावर शरदरावांनी गाडी थांबवली आणि भरमूकडे बघून म्हणाले, "आणखी एकदा जाऊया?" भरमू म्हणाला, "चला की, मला काय काम हाय?"

आठवड्यानं शर्यत झाली. सात गाड्या होत्या. पहिला नंबर दुप्पट मोठ्या इंजिनाच्या गाडीचा आला, तो कुणी अडवूच शकत नव्हतं. दुसरे आम्ही. तिसरा आलेला कॅम्पातला कॅप्टन आपली गाडी सोडून आमच्या मागच्या चाकापाशी गुडघ्यावर बसला आणि विचारू लागला, वळणावर ही गाडी एवढी शांत कशी? हे सामान कुठल्या कंपनीचं? शरदरावांना काहीही सांगता आलं असतं. चारचौघांत चपलेचं नाव घेण्यापेक्षा एखादं विलायती नाव सांगणं सोपं होतं. पण ते म्हणाले, "भरमू. निपाणी."

कॅप्टनाला तसाच संच हवा होता. शरदरावांनी मष्णूकरवी निरोप धाडला: हत्यारं घेऊन बंगल्यावर ये, साहेबाच्या गाडीचं माप घे.

भरमूनं हातातलं काम खाली ठेवलं नाही. "पायाचं माप मी पाय बघून घेतो, गाडीचं गाडी बघून. साहेबाला म्हणावं, गाडी गल्लीत आणा."

"गल्लीत?" मष्णू चपापला. "आप्पा, हितं कवा कुणाची गाडी आलीया का?"

"मग आता येऊ दे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मोटारी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. पुढची आमची. इंजिन चालू होतं, पण गाडी हलत नव्हती. गल्ली काही अरुंद नव्हती, कातड्यानं भरलेल्या बैलगाड्या तिथून रोज जात. शरदराव स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले होते. मी चाकापाशी होते, मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. मग गियर पडल्याचा आवाज आला, आणि आम्ही गल्लीत शिरलो. दारादारांतून माणसं बाहेर आली. भरमूच्या दारात गाडी थांबली तेव्हा शरदराव उतरून म्हणाले, "भरमूअण्णा, पाहुणे आणलेत." त्यांनी त्याला अण्णा म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पुढे लढाई आली, विलायतेचं सामान बंद झालं आणि गल्लीत गाड्यांची रीघ लागली. बेळगाव, चिकोडी, संकेश्वर, कुठून कुठून यायच्या. मी पाच वर्षं त्या चाकापाशी घासले, झिजून पापडाइतकी पातळ झाले. मग भरमूनं मला काढलं, पण फेकलं नाही. आज १९४७ साल चालू आहे. भरमूला आता नीट दिसत नाही, म्हणून त्याची लेक बेबी कापायला बसते. नवं कातडं आलं की ती मला त्यावर ठेवते आणि माझ्या कडेनं आरीची रेघ ओढते. माझ्या मापाच्या किती चकत्या आज रस्त्यावर धावताहेत, ते मीही मोजत नाही.

मी आता फार दिवसांची नाही. कडा तुटायला लागल्या आहेत, बेबी लवकरच माझ्यावरून नवा नमुना कापून घेईल, आणि घ्यावाच. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमची गाडी वळणावर उसळत असेल तर निपाणीच्या चांभार गल्लीत या. लाजू नका, तोंडाशी थांबून हॉर्न वाजवू नका, आणि माणसाच्या हाती माप धाडू नका. गाडी आत आणा.