टिपक्याची तूर

कोकिळाबाईंनी ओल्या गोणपाटाची घडी उलगडली आणि दाण्यांच्या ओळींवरून बोट फिरवलं.

"सांग ना," रूपराव छपरीच्या खांबाला टेकून म्हणाले. त्यांनी मुद्दाम तोंड फिरवलं होतं. "किती निंगाले?"

"तुमीच पाहा."

रूपरावांनी पाहिलं. दहा ओळी, ओळीत दहा दाणे. पाच दिवसांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हातानं मांडलेले. दाणे फुगले होते, बुळबुळीत झाले होते, काहींवर पांढरी बुरशी चढली होती. शंभरात कोंब एकालाही नव्हता.

"पाण्यातच खोट हाये," ते म्हणाले.

कोकिळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पहिल्या खेपेला खोट गोणपाटात होती. दुसऱ्या खेपेला बोअरच्या खारट पाण्यात. म्हणून तिसऱ्या खेपेसाठी हा माणूस बस बदलून पवनारला गेला होता आणि धाम नदीचं पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून घेऊन आला होता. आता नदीलाही दोष द्यायचा म्हणजे हद्दच झाली.

"आवो, पाणी चांगलं हाये," त्या हळूच म्हणाल्या. "बीच मेलं हाये."

रूपराव वर्धा डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर होते. एवढ्या वर्षांत लोकांनी त्यांना एकच गोष्ट विचारली, गाडी किती वाजता सुटते. नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. 'ओ कंडक्टर' हेच त्यांचं नाव. सेवानिवृत्त होऊन ते सिंदी रेल्वेजवळच्या आपल्या गावी परतले, तेव्हा गावात भलतंच वारं शिरलं होतं. सामाईक विहिरीवर सोलर पंप बसला होता आणि पाळ्या लावून सगळ्यांची वावरं भिजत होती. डाळ भरडायची चक्की ऊन असेल तेव्हा चालायची, आभाळ आलं की बंद. पुनवेच्या आगेमागे चार रात्री खांबावरचे दिवे गाव आपणहून विझवायचं. बॅटरी वाचायची, आणि माणसं अंगणात चांदण्यात बसून बोलायची. ग्रामसभेनं एक खोली बांधली, बियाणं घर म्हणून. तिच्या भिंतीवर 'आपलं ऊन, आपलं पाणी, आपलं बी' असं निळ्या रंगात लिहिलं, आणि किल्ली रूपरावांना दिली.

त्या किल्लीनं माणूस बदलला. वर्ध्याच्या कॉलेजची पोरं गाडी करून गाव बघायला यायची आणि 'रूपरावजी, हे काय, ते काय' म्हणून विचारायची. रूपराव त्यांना सगळ्यात शेवटी एक गाडगं दाखवायचे. त्यात टिपक्याची तूर असायची. पिवळसर दाणा आणि त्यावर तांबडे टिपके, कुणी बोट बुडवून शिंतोडे उडवावेत तसे.

ही तूर शोभाबाईंची. चाळीस वर्षं ती बाई आपल्या वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेनं, हीच तूर लावत आली. बाकीचं गाव पाकिटाच्या बियाण्यामागं गेलं, ती गेली नाही. बियाणं घर झालं तेव्हा तिनं तीन पसे तूर आणून दिली आणि बजावलं, "हे बी चांदण्यात वाळवजो रे दादा. याले ऊन सोसत नाई." रूपराव हसले होते. शोभाबाई त्याच साली वारली. तिची तूर मात्र कमी पाण्यात, हलक्या जमिनीत तरारून आली. गेल्या वर्षी चाळीस घरांनी लावली. चाळीसही घरांनी ठरवलं, आता तुरीचं पाकीट आणायचं नाही.

घरोघरी ठेवलेल्या बियाण्याला भुंगे लागायचे. म्हणून जानेवारीत पीक निघाल्यावर रूपराव दारोदार फिरले आणि बी म्हणून राखलेली सगळी तूर गोळा करून घेऊन आले. कुणी पसाभर मागं ठेवली तर ओरडले. गाडीत सगळे बसल्याशिवाय घंटी न देणारा माणूस तो. चाळीस किलो भरली. आणि त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला, छत गळलं, तूर ओलसर झाली. रूपरावांचा जीव टांगणीला लागला. चांदण्याची वाट कोण पाहणार? आभाळ उघडल्याबरोबर त्यांनी सगळी तूर गावाच्या नव्या सोलर ड्रायरमध्ये घातली. हळद आणि मेथी वाळवायची ती काळी पेटी. वर काच. आत हात घातला तर चटका बसायचा. दोन दिवसांत तूर खणखणीत वाळली. रूपरावांनी ती राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून गाडग्यांत भरली आणि समाधानानं झोपले.

आपण बियाणं भाजलं, हे त्यांना आज, जूनच्या सात तारखेला कळत होतं. बियाण्याची वाटणी दहा तारखेला होती.

त्याच सकाळी गावातल्या भैयाजींची लेक जागृती आली. कृषी पदविका झालेली, बियाणं समितीची सचिव. सायकलवरून उतरलीसुद्धा नाही.

"काका, टिपक्याची उगवण किती भरली? बाकीच्या सगळ्यायची लिवली फळ्यावर. एवढीच राह्यली."

रूपरावांनी गोणपाट पायानं मागं सरकवलं. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "ब्याऐंशी."

"वा! मंग काय टेन्शनच नाई," ती म्हणाली आणि गेली.

कोकिळाबाई दारात उभ्या होत्या. "हे काय केलं तुमी?"

"दोन दिवस तं हायेत," रूपराव म्हणाले. "कुठं ना कुठं भेटनच."

दुपारी ते बियाणं घरावरून गेले. फळ्यावर खडूनं ठसठशीत लिहिलं होतं, टिपक्याची तूर – ८२. समोर गावातला लहानू उभा होता. सिंदीला बियाण्याची पिशवी आणायला निघाला होता, पण आकडा वाचून परत घराकडं वळला. रूपरावांनी त्याला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी ते सिंदीला गेले. बाजारातली धान्याची सगळी दुकानं पालथी घातली. प्रत्येक ढिगात हात घालून दाणे तळव्यावर पाहिले. पांढरी तूर होती, लाल तूर होती. टिपक्याची नव्हती. "काका, तूर घ्याची हाये का नुसती पाहाची हाये?" एका दुकानदारानं विचारलं. ते पुढं गेले. शेवटी शोभाबाईंची लेक वर्षाली रेल्वे फाटकापलीकडे राहायची, तिचं दार वाजवलं. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला.

"आईची तूर?" ती म्हणाली. "होती ना. मराच्या आंधी तिनं मले डबाभर देल्ती. म्हणे, ठेवजो."

रूपराव खुर्चीतून अर्धे उठले. "कुठं हाये?"

"आता कुठची, काका? दोन वर्सं ठेवली. मले तं वावर नाई, मी कुठं पेरू? गेल्या दिवाईले भाऊबीजेले वरण केलं." मग त्यांचा चेहरा बघून ती घाबरली. "काऊन, काय झालं?"

"काई नाई बाई. चांगलं केलं. खाल्ली तं खाल्ली."

परतीच्या गाडीत कंडक्टरनं त्यांचा पास पाहिला, ओळखीचं हसला आणि पुढच्या सीटवर बसवलं. रूपराव खिडकीबाहेर बघत राहिले. नांगरून ठेवलेली काळी वावरं मागं मागं जात होती. हा माणूस कधी रडला नव्हता, सासू मेली तेव्हाही नाही आणि निरोपसमारंभातही नाही. त्या दिवशी सेलूच्या फाट्यापर्यंत उपरणं तोंडावर धरून रडला. शोभाबाईंनी चाळीस वर्षं एकटीनं जे जपलं, ते त्यांनी दोन दिवसांत संपवलं होतं. आणि वर खोटा आकडा सांगितला होता.

दहा तारखेला सकाळी बियाणं घरासमोर माणसं डबे, पिशव्या घेऊन जमली. रूपरावांनी किल्ली लावली नाही. फळ्याजवळ गेले आणि हातानं ब्याऐंशी पुसून टाकले.

"हा आकडा खोटा हाये. मी खोटं बोल्लो. तीनदा पाह्यलं, एकही दाणा उगवला नाई. जानेवारीत मी थे तूर सोलरच्या पेटीत घातली होती. शोभाबाईनं नको म्हटलं होतं. मीच मारलं बी."

पुढच्या माणसांच्या हातातले डबे खाली आले. मग बाबाराव उसळले. रूपरावांचे लहानपणचे सोबती, पण जीभ कात्रीची.

"घरी ठेवलेला पसाभरही तू नेला, रूपराव! मह्या म्हातारीनं हात जोडले तुले, एवढी राहू दे म्हणून. तुले मोठेपण पाहिजे होतं. चाळीस घराची तूर एका डब्यात भाजून ठेवली, अन् वरून ब्याऐंशी लिवते!"

"बाबाराव, बस करा आता," कुणीतरी म्हणालं.

"काऊन बस करू? आता पाकीट आनू तं पुढच्या साली पुन्हा पाकीट. झालं तुमचं आपलं बी!"

रूपरावांनी किल्ली जागृतीपुढे धरली. तिनं घेतली नाही. तिचे डोळे भरून आले होते, रागानं की दुःखानं ते तिलाही सांगता आलं नसतं.

"शंभर दाणे म्हंजे काईच नाई," ती म्हणाली. "चाळीस किलोत लाखानं दाणे हायेत. एखादा तरी जिता असंल. सगळे भिजवू. घरटी एक किलो. पाच दिवस पाऊस काई येत नाई."

"म्हंजे वरणालेही नाई राह्यचं," बाबाराव म्हणाले.

"नाई राह्यचं."

गाडगी बाहेर आली. प्रत्येकानं आपला किलो नेला, बाबारावांनीही. त्या पाच दिवसांत गाव चमत्कारिक झालं होतं. ज्याच्या त्याच्या छपरीत ओली पोती पसरलेली, बाया येताजाता पाणी शिंपडायच्या आणि गोणपाटाचा कोपरा उचलून बघायच्या. विहिरीवरच्या पाळीला कुणी भांडलं नाही. रूपराव रोज प्रत्येक दारात जायचे आणि विचारायचं धाडस न करता परत यायचे. आंबूस वास सगळ्या गावात भरला. रूपरावांना तो वास घरात, अंगावर, जेवताना भाकरीलाही यायचा.

पाचव्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा फळ्यासमोर आले. जागृतीनं खडू घेतला, चाळीस नावं लिहिली.

"लहानू?"

"नाई वो."

"भैयाजी?" तिनं आपल्या बापालाही नावानंच विचारलं.

त्यांनी नुसती मान हलवली. ती शून्य लिहीत गेली. कोकिळाबाईंचंही शून्य. एकुणचाळीस शून्यं झाली तेव्हा ऊन फळ्यावर आलं होतं. बाबाराव सगळ्यात मागं उभे होते. ते पुढं आले, मूठ उघडली.

मुठीत तीन दाणे होते. तिन्हींना बोटाच्या पेराएवढे पांढरेशुभ्र कोंब.

लहानूची बायको ओरडलीच, "निंगाले वो माय, निंगाले!" माणसं पुढं लोटली. कुणीतरी हसायला लागलं. जागृतीनं तीनचा आकडा लिहायला खडू टेकवला.

"थांब," रूपराव म्हणाले.

त्यांनी दाणे तळव्यावर घेतले, उन्हाकडे धरले. एकतीस वर्षं त्यांनी चालत्या गाडीत, कंदिलाएवढ्या उजेडात माणसांची खोटी वयं आणि जुनी तिकिटं ओळखली होती. हे ओळखायला तर डोळे मिटले तरी चाललं असतं. टरफल कोरं होतं. एका दाण्यावरही टिपका नव्हता. ही बाजारची तूर होती, कुठल्याशा डब्यातली.

त्यांनी बाबारावांकडे पाहिलं. बाबाराव दुसरीकडेच बघत होते.

तीन लिहिले तर काय होणार होतं? लोक आत्ता हसत होते, ते हसत घरी जातील. तीन झाडं होतील, तिनाची तीनशे. डिसेंबरात शेंगा फोडल्यावर टिपके दिसले नाहीत, तर कुणी म्हणेल, बी बदललं. रूपरावांनी गावाची तूर मारली, असं कुणी म्हणणार नाही. हाक नावानंच मारतील. रूपरावांना ते सगळं हवं होतं, फार हवं होतं.

"जागृती," ते म्हणाले, "शून्य लिव."

"पण काका, उगवले ना!"

"उगवले. पण आपले नाई."

सगळे दाण्यांकडे बघायला लागले आणि एकेकाच्या लक्षात यायला लागलं. जागृतीनं चाळिसावं शून्य काढलं आणि खडू खाली ठेवला.

लोक पांगले. बाबाराव तिथंच पायरीवर बसले.

"तुहं तोंड पाह्यल्या जात नव्हतं मले," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "लय बोल्लो मी त्या दिवशी."

"खरं तेच बोल्ला तू."

कोकिळाबाईंनी रूपरावांच्या तळव्यावरचे तीन दाणे पाहिले. "हे आता फेकाचे हायेत का?" त्यांनी विचारलं. "जिते हायेत बिचारे. तूरच हाये ना."

तिघं शोभाबाईंच्या धुऱ्यावर गेले. तिथली जागा रिकामी होती. रूपरावांनी बोटानं तीन खळगे केले, कोंब जपून ठेवले, माती लोटली. बाबाराव विहिरीवरून लोटाभर पाणी घेऊन आले. सकाळ सरली होती आणि ऊन रखरखत होतं. रूपराव उठले, बांधावरच्या पळसाची तीन पानं तोडली, काड्या टोचून प्रत्येक खळग्यावर एकेक पान उभं केलं. मग ते तिथंच बसून राहिले. ऊन सरकेल तसं पान फिरवायला कुणीतरी हवं होतं.