गरम इस्त्री, गार पाणी

"ती बादली घेऊन एक पाऊल जरी पुढे आलीस, तर ही इस्त्री तुझ्यावर फेकीन," फिलोमीझ म्हणाली.

इस्त्री कोळशाची होती, आतले निखारे लाल होते, आणि फिलोमीझ नुसत्या धमक्या देणाऱ्यातली नव्हती. मी बादली दारातच ठेवली.

शनिवारची दुपार होती. तिच्या ओसरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीवर पांढरे झगे टांगलेले होते. उद्या गल्लीतल्या मुलींची पहिली कम्युनियन, वेदीपाशी पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा दिवस. त्यात माझी मुलगी जेसुलाही होती. फिलोमीझ तिची धर्ममाता, आमच्या बोलीत मारेन. मुलीची आई आणि मारेन एकमेकींना नावाने हाक मारत नाहीत, कोमे म्हणतात. आमच्या लेओगानच्या उसाच्या पट्ट्यात नवरा सोडलेल्या बायका पुष्कळ सापडतील, पण कोमे सोडलेली मी तरी पाहिली नाही.

"कोमे, तू थरथरतेयस," मी म्हणाले.

"उकडतंय म्हणून."

"उकडल्यावर घाम येतो. दात वाजत नाहीत."

"माझे दात आहेत. वाजवीन नाहीतर पाडीन."

तिने इस्त्री झग्यावर टेकवली. मॅनियोक कंदाच्या खळीचा गोड, करपट वास सुटला. तिचा हात नेहमीसारखाच सरळ चालला होता, पण दुसऱ्या हाताने तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. घोट्यापर्यंत घागरा होता, तरी मला दिसलं. डावा पाय ती जमिनीवर टेकतच नव्हती.

तो पाय सगळ्या गावाला माहीत होता. गुडघ्याखाली केळीच्या खुंटासारखा, घोट्याशी घडीवर घडी. लग्न ठरलेलं असताना तो सुजायला लागला. होणारा नवरा आधी पायाला तेल लावायला यायचा, मग आठवड्याने यायला लागला, मग राजधानीला कामाला गेला तो गेलाच. कुणा तिच्यावर जळणाऱ्या बाईने तिच्या वाटेवर मंतरलेली भुकटी टाकली, असं लोक म्हणाले. भुकटी टाकणारी कोण यावर दोन घराण्यांचं आजही बोलणं नाही. फिलोमीझ मात्र इस्त्रीला उभी राहिली. सगळ्या गावाचे चर्चचे कपडे तिच्या हातून जायचे, आणि ती स्वतः प्रार्थना ऐकायची चर्चच्या पायरीवर, बाहेर बसून.

आमच्याकडे कम्युनियनच्या दिवशी मारेन मेणबत्ती घेऊन मुलीच्या उजव्या हाताला चालते, थेट वेदीपर्यंत. जेसुलाने सरळ विचारलं होतं, "मारेन, तू माझ्याबरोबर चालशील ना?" फिलोमीझ म्हणाली, "तुझ्या आईला एखादी बारीक पायाची बाई बघायला सांग." पोरगी म्हणाली, "मला बारीक नकोय, तू हवीयस." दुसऱ्याच दिवशी फिलोमीझने चांभाराकडून टायरचा रुंद तळवा आणि मऊ पट्टे लावलेली चप्पल करून घेतली. वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली ठेवली. मला दाखवताना म्हणाली, "होडी केलीय मेल्याने."

म्हणून ती ताप लपवत होती. आज कळलं तर उद्या चालू देणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

आणि हे मलाही ठाऊक होतं, कारण पायांच्या दवाखान्यात नर्सने, मिस एल्मीरने, आम्हा सगळ्यांना ते समजावलं तेव्हा मी फिलोमीझच्या शेजारीच बसले होते. मिसने बदामाच्या झाडाखाली मातीत काडीने माणूस काढला होता. ती म्हणाली, रक्त शरीरभर फिरतं तेव्हा थोडं पाणी नळ्यांतून बाहेर झिरपतं. हे सगळ्यांचंच होतं, रोज होतं. ते पाणी गोळा करून परत रक्तात नेऊन सोडायला वेगळ्या बारीक वाहिन्या असतात, केसासारख्या. वाटेत जांघेत, काखेत, मानेत गाठी असतात. तिथे चौकी बसलेली असते. पाण्याबरोबर जंतू आले तर तिथे पकडायचे, मारायचे.

आमच्या पट्ट्यात शेताला पाणी कालव्याने येतं. बायकांनी लगेच माना डोलावल्या. फिलोमीझने मात्र विचारलं, "कालव्याला उतार असतो. पायातून पाणी वर कसं चढतं? मोटार कुठेय?"

"मोटार नाही," मिस म्हणाली. "हृदय रक्ताला ढकलतं, तसं या पाण्याला ढकलणारं कुणी नाही. वाहिन्या स्वतः थोड्या आकसतात. बाकी काम तुमची पोटरी करते, चालताना. आणि श्वास. पोट फुगवून मोठा श्वास घेतलात की पाणी वर ओढलं जातं."

"म्हणजे आम्हीच मोटार."

"तुम्हीच. डासाने सोडलेल्या जंतांनी तुमच्या वाहिन्या बिघडवल्यात. त्या आता नव्या होणार नाहीत. म्हणून रोज पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. साचलेल्या पाण्यात जंतू शिरला की चौकीला तो आवरत नाही. थंडी वाजेल, पाय तापेल, जांघेत गाठ येईल. तेव्हा काम सोडून पाय वर घ्यायचा, गोळ्या घ्यायच्या, गार पाण्याने पाय निववायचा. उशीर केलात तर विष रक्तात उतरतं."

सगळ्यांनी सगळं ऐकलं. फिलोमीझ रोज पाय धुवायचीही, देवाच्या मूर्तीसारखा. पण गार पाणी आणि इस्त्री! इथे जन्मलेल्या कुठल्याही बाईला विचारा. इस्त्री केलेलं अंग गरम असतं, ते निवल्याशिवाय पाण्याला शिवायचं नाही, बर्फाची पेटीसुद्धा उघडायची नाही. माझी आई कॉफी भाजून उठली आणि पावसात सापडली. चार दिवसांत गेली. मिसचा मातीतला माणूस मला पटला होता. तरी आज ती बादली मी दोनदा उचलून दोनदा खाली ठेवली होती.

"आधी इस्त्री निवू दे," फिलोमीझ म्हणाली, "मग बघू."

एवढं बोलली आणि टेबलावर कलंडली. मी इस्त्री धरली नसती तर झगा जळला असता. मी तिला पलंगावर घातलं, पायाखाली उशा रचल्या, डब्यातल्या मिसच्या गोळ्या दिल्या. घागरा वर सारला. पाय लाल, चकाकत होता. धाकट्या बोटाच्या बेचकीत एक बारीक चीर दिसली. एवढ्याशा दारातून आलं होतं सगळं.

"झगे," ती म्हणाली.

"मी करते."

"तू? तुझ्या नवऱ्याचा शर्ट बघितलाय मी. गाढवाने चघळल्यासारखा असतो."

"नवराही तसाच आहे. गप पड."

मी इस्त्री हातात घेतली. बादली आणायच्या आधीच मी नवऱ्याला सायकलवर मिसला आणायला धाडलं होतं. दवाखाना शनिवारी दुपारी बंद, आणि तिचं घर कालव्यापलीकडे लांब. मी एक झगा उरकायची, पलंगाशी यायची, पायाला हात लावायची, परत जायची. दर खेपेला पाय आधीपेक्षा गरम. एका खेपेला मांडीवर लाल रेघ दिसली. पुढच्या खेपेला ती जांघेकडे सरकली होती. तिथली गाठ बोरासारखी टणक लागली.

"कोमे, आता तरी पाणी लावू दे."

"इस्त्री निवली?"

"कशी निवेल? मी चालवतेय ना."

"मग थांब."

"आता तर तू इस्त्री धरलेली नाहीस!"

"सकाळपासून धरलीय. हाडांत असते ती उष्णता." मग ती छताकडे बघून म्हणाली, "आई, तो पडदा बाजूला कर, मला दिसत नाही." तिची आई जाऊन युगं झाली होती.

हातातल्या झग्याच्या खालच्या पट्टीवर इस्त्री जरा जास्त रेंगाळली, पिवळा डाग पडला. मी इस्त्री बाजूला केली. तोवर माझेही हात कोपरापर्यंत लाल झाले होते, तोंड रसरसत होतं, पाठीवरून घाम ओघळत होता. इस्त्रीचं अंग म्हणजे ते हेच.

मी आईची आठवण काढली नाही. काढली असती तर जमलं नसतं. पलंगासमोर बादली ठेवली, गुडघे टेकले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. मग ओंजळीने तोंडावर मारलं. मग, धीर संपायच्या आत, तांब्याभर डोक्यावर ओतलं.

फिलोमीझ किंचाळली. "अगं वेडे! काय केलंस! पोरीची उद्या कम्युनियन आहे!"

"मी मेले तर तू सांभाळ तिला. मारेन आहेस ना? पण त्यासाठी तुला जिवंत राहावं लागेल."

"तोंड पूस! कोरडं फडकं घे! अगं, घे ना!"

"नाही पुसत."

मी ओलीच बसून राहिले. ती कोपरावर उठून माझ्याकडे बघत होती, तव्यावरचा पाव करपतोय का ते बघावं तशी. बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडली आणि आम्ही दोघी दचकलो.

"छातीत काही होतंय?"

"होतंय."

"काय?"

"भीती."

"तोंड वाकडं झालंय का बघू. हस."

मी हसले.

"पहिल्यापासून असंच आहे," ती म्हणाली. परत उशीवर पडली. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं. "आण ती बादली. मेलो तर दोघी एका गाडीत जाऊ. भाडं वाचेल."

फडकं भिजवून पहिल्यांदा पायावर ठेवलं तेव्हा तिने श्वास कोंडून धरला. फडकं लगेच गरम झालं. दुसरं ठेवलं. तेही झालं. चौथ्या-पाचव्याला तिने श्वास सोडला. मग मी फडकी बदलत राहिले आणि ती पोट फुगवून श्वास घेत राहिली, मिसने शिकवला तसा.

ऊन उतरताना मिस आली. गाठ चाचपली, रेघ बघितली, इंजेक्शन दिलं. "वेळेत निववलंत," म्हणाली. माझ्या ओल्या केसांकडे बघून काही विचारलं नाही. तीही इथलीच. निघताना फिलोमीझला म्हणाली, "ताप उतरला तरी पाय वर. काही दिवस हलवायचा नाही."

"उद्या फक्त एवढ्याशा रस्त्यावर, मिस."

"नाही."

सकाळी तिचं अंग निवलं होतं. रेघ फिकी पडली होती. जेसुला पांढरा झगा घालून आली तेव्हा फिलोमीझने पलंगाखालची चप्पल काढायला लावली. फक्त बघते म्हणाली. पाय आत गेला नाही. पट्टे पूर्ण सोडले तरी गेला नाही. असा प्रत्येक ताप जाताना पायाला थोडं वाढवून जातो. तिने चप्पल परत वर्तमानपत्रात गुंडाळली, गाठ बांधली.

"मग मीपण नाही जात," जेसुला म्हणाली.

"झगा कुणी केलाय हा?" फिलोमीझने खालची पट्टी हातात घेतली. "तुझ्या आईने? डाग पाडलाय बघ. डाव्या बाजूला आलाय, मेणबत्ती उजव्या हातात धर, कुणाचं लक्ष जाणार नाही. जा आता. रडलीस तर खळ उतरेल."

आम्ही तिला ओसरीत बसवलं, पाय इस्त्रीच्या टेबलावर, उशीवर. मी तिच्याजवळ थांबले. मिरवणूक तिथूनच जायची होती.

पुढे पाद्री, मग ढोल आणि कर्णे, मग मुली, प्रत्येकीच्या उजव्या हाताला तिची मारेन. जेसुला दिसली. मेणबत्ती तिनेच धरली होती. माझी नणंद उगीच मारेनची जागा भरायला पुढे सरकली, तशी पोरीने कोपर बाहेर काढून तिला अडवलं. तिच्या उजवीकडे जागा मोकळी होती, चांगली रुंद. रस्ता अरुंद, लोक खेटून चालत होते, तरी ती जागा कुणाला घेऊ दिली नाही.

फिलोमीझने पाय हलवला नाही. दोन्ही हात पोटावर ठेवले, पोट फुगवून भला मोठा श्वास घेतला, आणि रस्त्यावरच्या लोकांचं गाणं जिथे होतं तिथून उचललं. शब्द सगळे पाठ. इतकी वर्षं पायरीवरून ऐकलेले. प्रत्येक ओळीआधी तसाच खोल श्वास, आणि मग आवाज, तापाने घोगरा, पण सुरात.

मिरवणूक कोपऱ्यावर वळली. पोरीच्या शेजारची ती जागाही तिच्याबरोबर वळली.