काचेच्या कुत्र्याचं पोट

तोनाला गावच्या एवोदियोने फुंकून घडवलेली काचेची कुत्री सडपातळ असत. ग्वादालाहारा शहरातल्या एका कलादालनाने आपल्या माहितीपत्रकात त्यांना 'प्राचीन आकाराशी समकालीन संवाद' म्हटलं होतं. कुत्री काही बोलल्याचं एवोदियोने कधी ऐकलं नव्हतं. पण छापून आलेल्या गोष्टीला हरकत घेणारा तो कोण?

हरकत घेतली त्याच्या आईने. ती, दोन्या एर्मेलिंदा, मूळची कोलिमा भागातली. तिकडे विहीर खणताना जुनं थडगं लागे आणि थडग्यात मातीचं कुत्रं निघे: आखूड पाय, गरगरीत पोट. मेलेल्या माणसाला परलोकाच्या वाटेवरच्या नदीपार नेणारं.

"तुझी कुत्री उपाशी आहेत," ती अंथरुणातून म्हणाली. "मला एक जाडजूड करून दे. सोबत न्यायचंय. मला पोहता येत नाही, आणि असलं मरतुकडं मला मध्येच सोडून खायला शोधत जाईल."

"आई, डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर म्हणाला आठ दिवस. कान शाबूत आहेत माझे. कुत्रं हातात आल्याशिवाय मी हलत नाही. जा, कामाला लाग."

एवोदियोने त्याच दुपारी फुंकनळीच्या टोकावर मधाच्या रंगाची वितळलेली काच घेतली. एक थर, दुसरा थर, पाचवा थर. हात दुखेपर्यंत पोट वाढवलं आणि कुत्रं निववायच्या भट्टीत ठेवलं. काच जितकी जाड, तितकी सावकाश निववावी लागते. घाई केली की तडकते. या पोटाला नऊ दिवस लागणार होते. नऊ आणि आठ यांच्यातला फरक त्याने पुन्हा पुन्हा काढला. तो एकच येत होता.

सहाव्या दिवशी त्याचा हात भट्टीच्या कडीवर गेला.

"हात काढ," त्याची बायको ओतिलिया मागून म्हणाली. "ते फुटलं तर सासूबाईंना पाठुंगळी घेऊन नदीत तू उतरणार आहेस?"

त्याने हात काढला.

नवव्या दिवशी कुत्रं अखंड बाहेर आलं. आईही अजून होती; मक्याच्या पेजेत दालचिनी कमी पडल्याची तक्रार सकाळीच करून झाली होती. एवोदियोने कुत्रं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने कानांवरून, पाठीवरून, पोटावरून बोटं फिरवली.

"छान झालंय," ती म्हणाली.

एवोदियोला तिची अट आठवली. कुत्रं हातात आलं होतं.

"पोट जरा लहानच राहिलंय, आई," तो घाईघाईने म्हणाला. स्वतःच्या कामात खोट काढायची तीस वर्षांतली ही त्याची पहिलीच वेळ. "दुसरं करतो."

आईने कुत्र्याच्या गरगरीत पोटावर एक टिचकी मारली.

"मोठ्या पोटाला किती दिवस?"

"वीस. पंचवीससुद्धा लागतील."

"तुझ्या बापालाही कधी काही वेळेवर जमलं नाही." तिने कुत्रं उचलून खिडकीत, उन्हात ठेवायला लावलं. "जा मग. आणि शेपटीसुद्धा जाड ठेव."