वाढलेलं दीड इंच

चार महिने लोखंड उचललं आणि माझं वजन तीन किलोंनी वाढलं. अठ्ठावन्नचं एकसष्ट. मी काट्यावर उभी राहून आकडा वाचला, चष्मा पुसून परत वाचला आणि काटा बिघडलाय असं जाहीर करून टाकलं.

"काटा बरोबर आहे," व्यायामशाळेतली कोच म्हणाली. पोरगी माझ्या निम्म्या वयाची, पण शांत इतकी की भांडायलाही मजा येत नाही. तिने फीत काढली आणि माझी मापं घ्यायला लागली. फीत धरली होती अशी, की माझ्याच्याने बघवेना. तीस वर्षं मी बायकांचे कोट शिवते. मी फीत तिच्या हातातून ओढून घेतली आणि छाती, दंड, कंबर स्वतःच मोजलं. खांदा तेवढा तिला मोजू दिला, कारण तिथे माझा हात पोचत नाही.

छाती छत्तीस होती ती साडेसदतीस. दंड अकराचा बारा. खांदा पाऊण इंच जास्त. कंबर होती तिथेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी बारीक व्हायला आले होते," मी म्हणाले.

"तुम्ही हाडांसाठी आला होता," तिने वही उघडून दाखवली. "डॉक्टरांची चिठ्ठी आहे इथे. हाडं ठिसूळ झालीत, वजनं उचलायला लावा."

"म्हणून माझं वजन वाढवायचं?"

"स्नायू कामाला लागले की भरतात, पाणी धरतात. शिवाय तुमची भूक वाढलीय. पहिल्या दिवशी रिकामी सळई उचलताना तुम्ही मला काय काय बोलला होतात, आठवतंय? आज त्याच सळईने चाळीस किलो उचललेत."

चाळीस किलो उचलून मला कुणाच्या लग्नात मिरवायचंय, असं मनात म्हणत मी पिशवी उचलली. उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही, असं ठरवूनच बाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि तिथेच थबकले. मला कोट आठवला.

माझी धाकटी बहीण पाच तासांवरच्या गावात राहते. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती, म्हणून घरात तिचं नाव बारकी पडलं. पुढे वाढून ती तंतोतंत माझ्या मापाची झाली. छाती, खांदा, बाही, काही म्हणून वेगळं नाही. त्यामुळे दर थंडीच्या आधी मी तिला एक कोट शिवून पाठवते आणि त्याची ट्रायल माझ्याच अंगावर घेते. तिला बोलवायचं नाही, मोजायचं नाही. वीस वर्षं हेच चाललंय, आणि वीस वर्षांत एकदाही कोट परत आला नाही. तशी ती बसणीच्या बाबतीत महाखट आहे. मुंढ्यात, बाही जोडतात तिथे, सुतभर काचलं तरी फोन करून माझा उद्धार करायची.

या वर्षीचा कोट गडद निळा, आतून राखाडी अस्तर. कच्ची शिलाई घालून अंगावर चढवला तेव्हा तो मला पाठीत आणि दंडात आवळला. मी म्हटलं, कापड आखडलं. लोकरीचं कापड वाफ दिल्यावर आखडतं, ते मला पाठ आहे. अंग वाढलं असेल हे काही सुचलं नाही. शिंपी कापडाला आधी दोष देतो, मग कात्रीला, मग गिऱ्हाइकाला. स्वतःपर्यंत पाळी येतच नाही. मी शिवणी सोडल्या, छातीत दीड इंच ढिला केला, पुन्हा अंगावर घातला, झकास बसला. टिपा मारल्या आणि खोक्यात भरून पाठवून दिला.

पंधरा दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता. "ताई, कोट अगदी अंगावर शिवल्यासारखा बसलाय."

गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मी हिशोब केला. कोट साडेसदतीसचा. बारकी छत्तीसची. तिला तो अंगावर शिवल्यासारखा बसणं शक्य नव्हतं. आणि ढगळ कोटाला ती चांगलं म्हणेल, हे तर त्याहून शक्य नव्हतं.

घरी गेले आणि तिला फोन लावला. आवाज नेहमीचाच होता, जरा दमल्यासारखा.

"कोट घालतेस ना?"

"रोज घालते गं. सगळे विचारतात कुणी शिवला."

"मुंढ्यात काचत नाही ना?"

"अजिबात नाही."

मग मी एक थाप मारली. "अगं, डाव्या खिशाला झडप लावायची राहूनच गेली बघ माझ्याकडून. पाठवल्यावर आठवलं."

"हो, पाहिलं मी. चालतंय गं. कुणाच्या लक्षात येतंय?"

दोन्ही खिशांना झडपा होत्या. माझ्या हाताने लावल्या होत्या, बटणांसकट. तिने खोकं उघडलंच नव्हतं. आधी मला राग आला. मग लक्षात आलं. माझा कोट न उघडता ठेवणारी माणसं असतील जगात, पण बारकी त्यातली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने निघाले. दुकानाला कुलूप, गिऱ्हाइकांना कळवलंही नाही.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही. दार उघडायला तिला फार वेळ लागला. उघडलं तेव्हा मी आधी तिच्या मागे पाहिलं, ही कोण बाई, बारकी कुठे आहे म्हणून. माझी नजर फीत आहे, तिला थांब म्हटलं तरी ती थांबत नाही. खांद्याची हाडं वर आलेली. छाती एकतीस, फार तर साडेएकतीस. दंड माझ्या मनगटाएवढा.

"कुणी सांगितलं तुला?" तिने विचारलं.

"कोटाने," मी म्हणाले आणि तिथेच दारात रडायला लागले. तीच मला धरून आत घेऊन गेली.

तिच्या पोटात गाठ होती. पाच महिने झाले होते. डॉक्टर इंजेक्शनं देणार होते, पण त्यांनी बजावलं होतं की वजन अडतीसच्या खाली गेलं तर लगेच सुरू करता येणार नाहीत, शरीराला ती झेपणार नाहीत. गेल्या आठवड्याची तारीख तिने चुकवली होती. आज दुपारी पुन्हा होती, तीही ती चुकवणारच होती.

"का?"

"जिना उतरवत नाही. पाय लटपटतात."

"आणि मला फोन करायला काय झालं होतं?"

खोकं खाटेखाली होतं, दोरीची गाठ मी मारली होती तशीच. मी त्याच्याकडे पाहतेय हे तिने पाहिलं.

"घातला असता तर कळलं असतं ना, किती वाळले ते," ती म्हणाली. "तुझ्या कोटासमोर खोटं चालत नाही. घरात काटा नाही, आरसा मी भिंतीकडे फिरवलाय. तेवढा कोट राहिला होता."

"मला का नाही बोलावलंस, ते विचारतेय मी."

"आईमुळे."

आमच्या आईची शेवटची तीन वर्षं माझ्याकडे गेली. तिला उठवणं, बसवणं, आंघोळ घालणं, सगळं मी करत असे. बारा वर्षांपूर्वी एके दिवशी बाथरूममधून उचलून आणताना ती माझ्या हातून निसटली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती अंथरुणातून उठलीच नाही. बारकी त्या आठवड्यात आली होती आणि तेव्हा टॉवेल घेऊन दारातच उभी होती. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

"तुझं तोंड तेव्हा मी पाहिलंय, ताई," ती म्हणाली. "परत तुझ्या हातात कुणी द्यायला नको. मी तर नकोच नको."

मला वाटलं, हिने मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. खरं तर ती मला वाचवत होती. पण मी ऐकलं ते एवढंच, की तुझ्या हातांचा भरवसा नाही. आणि ते मलाही बारा वर्षं वाटत आलं होतं.

मी खोकं ओढून काढलं, दोरी कापली आणि तिला कोट घातला. तो तिच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबला. आम्ही दोघींनी त्याकडे पाहायचं टाळलं. मग मी दार उघडलं आणि तिच्यापुढे पाठ करून गुडघ्यात वाकले.

"ये पाठुंगळी."

"वेडी आहेस का? तुझी हाडं..."

"माझ्या हाडांचं मी बघते. गळ्यात हात टाक, आणि आवळ."

कोच चार महिने एकच पालुपद लावत होती. ओझं अंगाशी घट्ट धरायचं, कमरेत नाही, गुडघ्यात वाकायचं, आधी श्वास घ्यायचा आणि मगच उठायचं. मी श्वास घेतला आणि उठले. बारकी वर आली. इतकी सहज वर आली की मला भीती वाटली. मोठ्या माणसाचं वजन एवढं नसावं. जिन्याच्या छत्तीस पायऱ्या मी मोठ्याने मोजत उतरले. मधल्या वळणांवर दोनदा थांबले, दम घेतला. मांड्या पेटल्या होत्या, पण थरथरल्या नाहीत. तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं होतं आणि दर पायरीला ती "हळू" म्हणत होती. शेवटच्या दहा पायऱ्यांना म्हणाली नाही.

दवाखान्यात नर्सने आधी वजन करायला सांगितलं. बारकीला काट्यावर आधाराशिवाय उभं राहता येईना, आणि चाकाच्या खुर्चीचा काटा दुरुस्तीला गेला होता.

"असं करू," नर्स म्हणाली. "कोट काढा. ताई, तुम्ही यांना उचलून घ्या आणि दोघी एकदम उभ्या राहा. मग तुमचं वजा करू. लहान मुलांचं करतात तसं."

मी तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि काट्यावर चढले. आकडा हलला, स्थिरावला. साडेसत्त्याण्णव.

"तुमचं एकटीचं माहीत आहे?" नर्सने मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बारकी माझ्या हातांवरूनच बोलली. "ताईचं अठ्ठावन्न. कित्येक वर्षं तेच आहे, काडीचा फरक नाही."

नर्सने मनात वजाबाकी केली. "म्हणजे साडेएकोणचाळीस. छान, अडतीसच्या वर आहात. आज सुरू करता येईल. याच आकड्यावर औषध मोजायचं असतं."

बारकीने माझ्याकडे पाहिलं. पाच महिन्यांत तिला कुणी छान म्हटलं नसावं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. नर्सने पेन टेकवलं.

गप्प बसायचं होतं मला. देवाशपथ, गप्प बसायचं होतं. तीन किलोंचा प्रश्न होता आणि ते तीन किलो माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हते. पण मी जन्मभर मापावर पोट भरलंय. चुकीच्या मापाचा कोट उसवून परत शिवता येतो. तिच्या अंगात गेलेलं औषध मी कुठून उसवणार होते?

"लिहू नका," मी म्हणाले. "माझं एकसष्ट आहे. कालच मोजलंय."

नर्सने पुन्हा वजाबाकी केली. साडेछत्तीस. तिने आकडा तोंडाने म्हटला नाही, नुसता लिहिला, आणि डॉक्टरांना विचारून येते म्हणून आत गेली.

मी बारकीला बाकावर बसवलं. तिच्याकडे पाहायचा मला धीर होत नव्हता. आईनंतर आता हिलाही मी हातातून निसटू दिलं होतं, असंच मला वाटत होतं.

"एकसष्ट?" ती म्हणाली. "तुझं? कधीपासून?"

मी सांगितलं. सळई, कोच, फीत, काट्याला दिलेला दोष, कापडाला दिलेला दोष, सगळं. ती ऐकत राहिली. मग तिने हात लांब करून माझा दंड चाचपला, कापड चाचपतात तसा, दोन बोटांत धरून.

"माझं तू घेतलंस वाटतं," ती म्हणाली आणि हसली.

"घेतलं असेल," मी म्हणाले. "परत माग. देते."

डॉक्टर बाहेर आले. इंजेक्शन आज नाही. आधी इथेच ठेवून घ्यायचं, नळीने का होईना अन्न द्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा वजन करायचं, मग पुढचं. वाढलं तर वाढलं, नाहीतर बघू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी खोटी आशा लावली नाही, मीही मागितली नाही.

आत खाट तयार होईपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. तिला थंडी वाजत होती, म्हणून मी तिला कोट घातला. खांदे दंडावर उतरले होते, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत येत होत्या. माझा हात आपोआप पिशवीतल्या टाचण्यांकडे गेला. मी कडेला कापड चिमटीत धरलं आणि टाचणी लावणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"आत घेऊ नकोस," ती म्हणाली.

"अगं, लोंबतोय."

"लोंबू दे. आहे त्याच मापाचा राहू दे."

तीस वर्षांत माझ्या हातून ढगळ कोट कधी बाहेर गेला नाही. मी टाचणी परत डबीत टाकली, खिशांच्या दोन्ही झडपा सरळ केल्या आणि बटणं लावून दिली.