दुपारी एकचा पेपर

१९९८ च्या फेब्रुवारीत, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, मी सातवीतली मुलगी होऊन भाषण लिहीत होतो. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या सहा शाळांची वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय आला होता, 'आजच्या शिक्षणातील समस्या : विद्यार्थ्याच्या नजरेतून'. आमच्याकडे भाषण गुरुजींनी लिहायचं आणि मुलानं पाठ करायचं, अशीच रीत होती. परीक्षकही गुरुजीच असत, त्यामुळे खरी स्पर्धा कोणाकोणात आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. भाषणं लिहिण्यात माझा हात चांगला, असं केंद्रात मानलं जाई. निदान मी तरी मानत होतो.

आमची शाळा अहेरीपासून वीसेक किलोमीटर आत, जंगलातल्या गावात. वर्ग सातवीपर्यंत. मी मुख्याध्यापक, अहेरीहून मोपेडवर ये-जा करायचो. भाषणासाठी मी मंगलीला निवडलं होतं. ती सातवीला दुसऱ्यांदा बसली होती. आदल्या वर्षी एप्रिलात ती गणिताच्या आणि विज्ञानाच्या पेपरला आलीच नाही आणि नापास झाली. गणितात तिच्यासारखं डोकं मी तीस वर्षांच्या नोकरीत दोनदाच पाहिलं होतं. तिचा बाप कोलू तेव्हाच सांगून गेला होता, "गुरुजी, अजून एक साल पाठवतो. त्यातबी नाई झाली त घरीच ठेवीन." कोलू बोलला तसं करणारा माणूस होता.

भाषण चार परिच्छेदांचं होतं. पहिल्यात राष्ट्राची उभारणी, दुसऱ्यात संगणक. संगणक मंगलीनं पाहिला नव्हता, मीही नव्हता. तिसरा परिच्छेद मला सर्वांत आवडला होता. 'आपल्या भागातील पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटलेले नाही. क्षुल्लक कामांसाठी ते आपल्या पाल्यांना घरी ठेवतात, हे पाहून माझे मन विषण्ण होते.' घरी मी तो बायकोला, नाहीदला, वाचून दाखवला.

भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "हे सातवीची पोरगी बोलून राह्यली?"

"तिचे विचार आहेत. मी फक्त शब्द दिले."

"विषण्ण होणारी पोरगी मी त नाई पाह्यली बा."

बायकोला साहित्यातलं कळत नाही, असं मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तालीम घेतली. मंगलीनं दोन परिच्छेद घडाघडा म्हटले आणि ती थांबली. विसरली असेल म्हणून मी पहिले तीन शब्द सांगितले.

"पाठ हाय गुरुजी."

"मग म्हण."

"हे नाई म्हणत."

"का?"

"बा असा नाई."

"अगं, तो काही स्पर्धेला येणार नाही. त्याला कुठं ऐकू येणार आहे?"

"मले त आयकू येईन ना."

उत्तर सुचलं नाही की मास्तर प्रश्न विचारतो, तसा मीही विचारला. "बरं, मग तुझ्या मते समस्या कोणती? तूच सांग." ती शेवटी माझ्याच परिच्छेदावर येईल अशी माझी खात्री होती.

"सकाळची शाळा," मंगली म्हणाली.

"काय?"

"मोह पहाटे पडते गुरुजी. दिवस निघाच्या आधीपासून वेचा लागते, नाई त ढोरं खाते, हरणं खाते. आमचे पाच झाडं हायेत. मायच्या पाठीवर लहाना असते. नऊ-दहा वाजतपर्यंत आमी झाडाखालीच राह्यतो. अन् तुमी साडेसातले पेपर देता."

"पण ऊन लागू नये म्हणूनच तर मी..."

"दुपारी आमी रिकामेच असतो. फुलं वाळत राह्यते, आमी बसून राह्यतो."

मी खुर्चीत सरळ बसलो. उन्हाळ्यात शाळा सकाळी भरवायची परवानगी नऊ वर्षांपूर्वी मीच अर्ज करून मिळवली होती. लेकरांना उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून केंद्रात मी पहिला पुढे आलो, हे मी दोन बैठकांत सांगितलं होतं, आणि तिसऱ्या बैठकीत कोणी विचारलं नाही तरी सांगितलं होतं. त्याच नऊ वर्षांत दर एप्रिलला मी हजेरीपटावर निम्म्या वर्गापुढे गैरहजर लिहीत आलो आणि कारणाच्या रकान्यात पालकांची उदासीनता.

"इतक्या वर्षांत कोणी सांगितलं कसं नाही मला?"

"सांगतो ना. तुमी इचारता काल काऊन नाई आला, आमी म्हणतो मोह वेचाले गेलतो. मंग तुमी ओरडता."

तेही खरं होतं. ओरडण्यात मी कधी खंड पडू दिला नव्हता.

घरी येऊन सगळं नाहीदला सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, तुमचा हेतू तर चांगला होता. ती म्हणाली, "मले त वाटे शाळा तुमीच सोयीनं सकाळी केली. बारा वाजता घरी येता, जेवता, अन् चार वाजतपर्यंत घोरता. पोराईसाठी करता हे मले आत्ता समजलं."

स्पर्धेत मंगलीनं तिसरा परिच्छेद गाळून भाषण केलं. भाषण आखूड झालं आणि सहा शाळांत आमचा पाचवा नंबर आला. पहिलं बक्षीस मिळालेल्या भाषणात पालकांच्या उदासीनतेवर दीड पान होतं. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं. परत येताना मला थोडं वाईट वाटलंच.

केंद्रप्रमुखांकडून पेपरची वेळ बदलून घ्यायला फार त्रास झाला नाही. ते म्हणाले, "वेळ तुम्हीच मागितली होती, तुम्हीच बदला. पण पोरगं उन्हात पडलं तर जबाबदारी तुमची." पण वेळ बदलून मुलं येतीलच असं मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि नुसतं गृहीत धरण्याची माझी हौस नुकतीच भागली होती. म्हणून मार्चच्या मध्यात एका पहाटे पाच वाजता मोपेड काढली आणि कोलूच्या झाडांकडे गेलो. सारं कुटुंब वाकून वेचत होतं. खालची जमीन झाडून साफ केलेली, आणि तिच्यावर टप टप फुलं पडत होती. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून मीही वेचू लागलो. अर्ध्या तासात कंबर धरली. मंगलीच्या टोपलीकडे मी पाहिलं आणि माझी ओंजळ तिच्यातच गुपचूप रिकामी केली.

"कोलू, पेपर दुपारी एक वाजता ठेवला तर मंगलीला पाठवशील?"

कोलूनं पाठ सरळ केली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"पाठवीन ना. एक वाजता काय काम हाय? पण तितल्या उन्हात तुमी येसान का गुरुजी?"

एप्रिलात गणिताच्या पेपरला सातवीची अकराच्या अकरा मुलं आली. हातांना मोहाचा वास, डोळ्यांत झोप, पण आली. कौलं तापली होती. मी तीस वर्षांचा अनुभवी पर्यवेक्षक, पाऊण तासात डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले आणि मी भिंतीला टेकून खाली बसलो. मंगली उठली, माठातलं पाणी आणून माझ्या हातात दिलं.

"अगं, तुझा वेळ जातोय. बस जागेवर."

"झाला माहा पेपर. तुमी पडा थोडं. आमी नाई पाहत एकमेकाचं."

मी पडलो नाही, पण बसून मात्र राहिलो. पेपर संपेपर्यंत कोणी कोणाचं पाहिलं नाही. मी उभा असतानासुद्धा असं कधी घडलं नव्हतं.

एक मेला निकाल लागला. मंगली सगळ्या विषयांत पास झाली, गणितात एक्याऐंशी. कोलूनं गुणपत्रक उलटं धरलं, मग सुलटं केलं आणि घडी न घालता हातातच ठेवलं.

"आता आठवी कुठी?"

"अहेरीला. मुलींचं वसतिगृह आहे, मी दाखला देतो. तिथं सगळं चांगलं आहे. शिक्षक चांगले, इमारत पक्की..."

"मोहाच्या दिवसांत तिले घरी आणीन ना. तिथी पेपर किती वाजता राह्यते?"

मी तोंड उघडलं होतं. उत्तर तयारच होतं, कारण माझ्याकडे उत्तर नेहमीच तयार असतं. पण तिथली पेपरची वेळ मला माहीत नव्हती.

"विचारून सांगतो," मी म्हटलं.

"इचारा," कोलू म्हणाला आणि व्हरांड्यात बसला. मी दुपारच्याच उन्हात मोपेड काढली.