बांधावरून ऐकलेलं गाणं

माझा आवाज मोठा आहे. हे मला नववीत कळलं. आठवीपर्यंत मी प्रार्थनेला नुसते ओठ हलवायचे. मग एक दिवस शाळेचा माईक बंद पडला, मच्छिंद्र सरांनी विचारलं, "मागच्या रांगेपर्यंत कोणाचा गळा पोचतो?" आणि माझा हात कसा कोण जाणे वर गेला. मी राष्ट्रगीत सुरू केलं आणि सडकेपलीकडच्या हॉटेलातली माणसं चहाचे कप घेऊन उभी राहिली. त्या दिवसापासून मी थांबलेच नाही. आई म्हणते, कुशावर्ताला आता बटन लावून घ्या.

तर सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेत लोकगीताची निवड होती. पहिला नंबर येईल तो अंबडला तालुक्याच्या स्पर्धेला जाणार. मला जायचंच होतं. पण गाणं कोणतं? सगळ्या मुली पुस्तकातली तीच तीच गाणी म्हणत होत्या.

गाणं मला कमरुन्निसामुळे सापडलं. ती माझ्या वर्गात आहे. तिचे वडील रहमतुल्ला चाचा आमच्या वडीगोद्रीच्या स्टँडजवळ रेडिओ, टेप दुरुस्त करतात. दुरुस्त झालेला टेप चालतो का बघायला ते हाताला येईल ती कॅसेट लावतात. त्या दिवशी त्यांनी आखाती देशातून आलेल्या कोणाची तरी कॅसेट लावली होती. एक माणूस इंग्रजीत गात होता. आम्हाला त्यातला एक शब्द समजला नाही. मागे एकच गिटार, आणि त्याचा आवाज असा, की घसा साफ करायला विसरला आहे. एक ओळ म्हणायचा, थांबायचा, तीच पुन्हा म्हणायचा. सूर तर जिथं असायला हवा त्याच्या जरा खालीच.

"चाचा, हा बेसूर आहे का?" मी विचारलं.

"बेसूर न्हाई बेटा. ब्लूज बोलते इसको. अमेरिकेतले काळे लोकां. कपास चुनते-चुनते ऐसाच गाते थे उनके बाप-दादे."

"कापूस वेचताना?"

"हाव. सुर को बराबर बिठाने को टाइम किसको था?"

कमरुन्निसा पेनचं टोपण चावत म्हणाली, "आपल्या चतुराबाईवानीच कुंथतो की हा."

मी तिच्याकडं बघतच राहिले, कारण ते खरं होतं.

चतुराबाई आमच्या रानात कापूस वेचायला येते. माझ्या आईच्या वयाची आहे, हाडकुळी, बोलणं थोडं आणि गाणं फार. वाकून वेचता वेचता तिच्या तोंडातून ओव्या येतात. मधेच कापूस कमरेच्या झोळीत टाकताना "हूं" असा आवाज निघतो, आणि ओळ तिथं तुटते. मी लहानपणापासून ऐकत होते, पण गाणं म्हणून कधी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाचांकडून टेप मागून आणला आणि बांधावर बाभळीखाली बसले. कापसाचा ढीग तिथंच होता. बायका तिथून पात धरायच्या, म्हणजे आपल्या वाट्याच्या ओळी धरून वेचत पलीकडच्या बांधापर्यंत जायच्या, मग झोळी रिकामी करायला परत बाभळीखाली यायच्या आणि तिथूनच नवी पात सुरू करायच्या. मी बटन दाबलं की चतुराबाईचा आवाज यायचा, हळूहळू लांब जायचा, आणि पातीच्या मध्यावर गेल्यावर नुसता वारा यायचा. मग मी बटन बंद करायचे. सेल वाचायला पाहिजेत ना.

अशा पाच पाती टेप केल्या. दोन ओव्या स्वच्छ मिळाल्या:

*सडकेच्या कडेला माझ्या भावाची गं पाटी*
*भुजंगा बंधवाला नाही सवड बहिणीसाठी*

*दिवाळी आली गेली, दारी घातला मी सडा*
*भुजंगाच्या वाटेकडं डोळा झाला गं कोरडा*

मी चतुराबाईला विचारलं, "मी हे शाळेत म्हणू का?"

ती झोळी झटकत म्हणाली, "म्हण की. शाळेत काय, पोरीसोरीच असत्यात."

मच्छिंद्र सरांना गाणं फार आवडलं. त्यांनी पेटी काढली, केरवा बसवला, आणि मला सांगितलं, "ते हूं हूं काढून टाक. गळा मोकळा सोड. शब्द कसा मोत्यासारखा दिसला पाहिजे." मी सोडला. मला तर तेच येतं.

पण एक मला तेव्हाच जाणवलं होतं, खोटं कशाला बोलू. कॅसेटवर चतुराबाई म्हणायची तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा, आणि मी म्हणायचे तेव्हा सर मान डोलवायचे. दोन्ही एक नव्हतं. सर म्हणाले, तिचं कच्चं आहे, आपण पक्कं करतोय.

सव्वीस जानेवारीला शाळेत फक्त पोरीसोरी नसतात. झेंड्याला सगळं गाव येतं. वर भोंगा लावलेला. मी पांढऱ्या रिबिनी बांधून उभी राहिले आणि दोन्ही ओव्या आळवून आळवून, दोन दोनदा म्हणाले. चतुराबाईच्या तोंडी अर्धे शब्द कापसातच जिरायचे. माझा एकही शब्द जिरला नाही. भुजंग हे नाव तर मी असं लांबवलं की सर पेटीवर खूश झाले.

टाळ्या पडल्या. पण पुढच्या बाकावरची माणसं माझ्याकडं बघत नव्हती. ती भुजंगमामाकडं बघत होती. हसत होती.

भुजंगमामा म्हणजे चतुराबाईचा सख्खा धाकटा भाऊ. सडकेवर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. तो उठला, टोपी सारखी केली आणि निघून गेला.

आता ह्या दोघांचं सांगते. पाच वर्षांपूर्वी भुजंगमामानं दुकान टाकलं तेव्हा पूजेचं आवतन त्यानं बहिणीला दुसऱ्याच्या हाती धाडलं. स्वतः गेला नाही. सख्खी बहीण, तिला परक्याच्या तोंडून आवतन. चतुराबाई गेली नाही. ती आली नाही म्हणून हा रुसला. एकाच गावात राहून पाच वर्षं बोलणं बंद. पण आता चतुराबाईच्या मुलीचं, झुंबरचं, पंधरा फेब्रुवारीला लग्न होतं. मुलीच्या पाठीशी मामा उभा राहावा लागतो. मामा जिवंत असून उभा राहिला नाही तर लोक जन्मभर विचारतात. चार जाणत्यांनी मधे पडून भुजंगमामाला तयार केलं होतं, त्यानं आहेराचं लुगडंसुद्धा आणून ठेवलं होतं.

हे मला सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी कळलं, जेव्हा आईनं माझं डोकं विंचरता विंचरता केस जरा जास्तच ओढले.

"भुजंगानं सांगावा धाडला चतुराबाईला," आई म्हणाली. "म्हणला, बहिणीसाठी सवड न्हाई असं तूच गावाला सांगितलं ना, मंग खरंच न्हाई सवड. लग्नाला दुसरा मामा बघ."

"पण मी विचारलं होतं तिला."

"भोंग्यावर म्हणते, असं विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं.

पहिला नंबर माझाच आला होता. अंबडचं काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे तुम्ही वाट बघत बसणार नाही: सरांना सांगून मी पुस्तकातलं गाणं घेतलं, तिसरी आले, स्टीलचा डबा मिळाला. आई त्यात हरभऱ्याची डाळ ठेवते.

तर सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी मी रानात गेले. चतुराबाई वेचत होती. गात नव्हती. मी तिला कधी गप्प वेचताना पाहिलं नव्हतं. कमरेला फडकं बांधून मी तिच्या शेजारची पात धरली.

अर्धी झोळी भरल्यावर ती म्हणाली, "टेप न्हाई आणला आज?"

"न्हाई."

"आण की. आता नवऱ्याचं म्हणते, ते बी लाव भोंग्यावर."

"चुकलं माझं, चतुराबाई."

"मी माझ्या भावाला कायबी म्हणंन. रानात म्हणंन. रानातलं बोलणं कापसाच्या झाडाला कळतं, दुसऱ्याला न्हाई. तुझा काय संबंध?"

मी खाली मान घालून वेचत राहिले. कापूस वेचणं लांबून मऊ दिसतं. वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात, आणि कमरेत वाकून पाऊण पात झाली की श्वास पुरत नाही. मी मनातल्या मनात ओवी म्हणून पाहिली. हाताला बोंड टोचलं तिथं ती तुटली, झोळीत कापूस टाकला तिथं पोटातून आपोआप "हूं" निघालं. सरांनी काढायला लावलेलं ते हेच. ते काही गाण्यात घातलेलं नव्हतं, निघाल्याशिवाय राहतच नव्हतं.

पात संपत आली. पलीकडचा बांध चार हातांवर राहिला, आणि चतुराबाई, सवयीनं असेल, माझ्याकडं न बघता, पुटपुटल्यासारखी म्हणाली:

*रागं भरले मी, राग बांधाला ठेविला*
*भुजंगाच्या उंबऱ्याला दिवा देवानं लाविला*

मी सरळ उभी राहिले. "हे कुठलं?"

"कुठलं म्हंजी? शेवटाचं."

"टेपवर हे न्हाई."

"तू बसली व्हती त्या बांधाला. तिथं कसं यील हे? पात धरताना राग असतो, संपताना आशीर्वाद द्यावा लागतो. सख्ख्या भावाला शिव्या घालून तशीच सोडून यीन का मी?"

"दर वेळी म्हणती?"

"दर पातीला. न्हाई तर ओवी अंगावर बसते."

म्हणजे मी काय केलं होतं ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. बाभळीच्या सावलीत बसून मी नुसता राग गोळा केला होता. पाचही पातींचा. आशीर्वाद दुसऱ्या बांधाला होता आणि सेल वाचवायला मी बटन बंद केलं होतं.

मी तशीच, झोळी कमरेला ठेवून, सडकेकडं निघाले. चतुराबाई मागून म्हणाली, "कापूस तर ठेवून जा." पण मी थांबले असते तर मला भीती वाटली असती.

भुजंगमामा दुकानात ट्रॅक्टरची ट्यूब पाण्याच्या टाकीत दाबून बुडबुडे शोधत होता. मला बघून म्हणाला, "आली का गायिका. आता काय राह्यलं?"

"अर्धं गाणं राह्यलं, मामा."

"लई झालं तेवढं. काल तो कडूबा पंक्चर काढायला आला अन् म्हणतो, माझ्यासाठी तरी सवड हाये, का बहिणीसारखीच न्हाई?"

"ऐकून तर घ्या. मंग हाकला."

तो ट्यूब फिरवत राहिला. मी म्हणायला लागले. मागून उसाचे ट्रक चालले होते. पेटी नाही, ताल नाही, मी रानातून चालत आलेली, घसा कोरडा. पहिल्या दोन ओव्या ऐकताना त्याचा जबडा आवळलेला दिसत होता. माझा आवाज मधेच फाटला. एरवी मी पुन्हा पहिल्यापासून घेतलं असतं. तशीच पुढं गेले. मग तिसरी ओवी म्हणाले.

भुजंगमामाचे हात पाण्यातच थांबले.

"दिवा देवानं न्हाई," तो म्हणाला. "दिवा मायनं. आमची माय म्हणायची ही. तिच्या भावाचं नाव घालून. मामा बांधावर बसून ऐकायचा अन् हसायचा." थोडा वेळ तो ट्यूबकडं बघत राहिला. "चतुरीनं देवानं केलं. माय गेल्यावर केलं असंल."

मी गप्प बसले. मला गप्प बसता येतं हेही मला तेव्हाच कळलं.

"हे कधी म्हणली ती? काल गाव हसल्यावर?"

"आत्ता. आणि पाच वर्षं दर पातीला म्हणती. पात संपताना."

"दर पातीला?"

"दिवसाला दहा-बारा पाती होतात तिच्या," मी म्हणाले. "कापूस दाट असला तर आठ."

त्यानं ट्यूब टाकीतच सोडली. हात पँटला पुसले, पुसूनही काळेच राहिले. मोटारसायकलला किक मारली आणि मला म्हणाला, "हित्तंच थांब. कोणी आलं तर बसव." माझ्या झोळीकडं बघून म्हणाला, "अन् हा कापूस तेलात पाडू नको."

मी दुकानात बसले. तिथून आमचं रान दिसत नाही. काय बोलले, कोण आधी बोललं, रडले का, मला काहीच माहीत नाही आणि मी नंतर विचारलंही नाही. मी ट्यूबमधले बुडबुडे बघत बसले. ज्याचं चाक होतं तो ट्रॅक्टरवाला आला, म्हणाला, मालक कुठं? मी सांगितलं, बहिणीकडं गेलेत. तो वडीगोद्रीचाच होता, पाच वर्षांचा अबोला त्यालाही ठाऊक होता. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि स्टुलावर बसला.

तासाभरानं मोटारसायकल आली. भुजंगमामाच्या केसांत कापूस अडकला होता. त्यानं मला बघितलंसुद्धा नाही, सरळ टाकीशी जाऊन ट्यूब उचलली.

"चतुरी म्हणली, तू झोळीत पाचोळा लई टाकती," तो म्हणाला. "उद्यापासून शेजारी पात धरू नको म्हणली."

"बरं," मी म्हणाले.

ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "भुजंगराव, माझं दुसरं चाक बी करायचंय. पंधरा तारखेला आणू का?"

भुजंगमामा भोक शोधण्यात गुंतला होता. त्यानं नुसती माझ्याकडं मान हलवली, तूच सांग म्हणून.

"सोळाला आणा," मी सांगितलं.