पेन्सिलीचं टिंब

कोपरीला पिठाच्या गिरणीच्या माडीवर वधूवर मंडळाची खोली होती. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलावरची पेन्सिल आपोआप घरंगळायची, म्हणून गोदूबाई ती कायम अंबाड्यात खोचून ठेवत. फॉर्म भरायला आलेल्या आईबापांना त्या पाणी देत, हलक्या आवाजात घरची विचारपूस करत. माणसं जिना उतरून गेली की पेन्सिल काढून फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात, वाटलं तर, एक बारीकसं टिंब देत. टिंबाचे फॉर्म आतल्या कपाटात, बाकीचे बाहेरच्या. आतल्यांना आतली स्थळं दाखवायची, बाहेरच्यांना बाहेरची. घरात कुणाला कोड, कुणी डोक्यानं अधू, कुणी पळून गेलेली, कुणी माघारी आलेली, की पडलं टिंब. ज्यांच्यावर ते पडे त्यांना कधी कळत नसे. ती वर्षानुवर्षं जिना चढत, "योग आला की होईल हो," एवढं ऐकत आणि घरी जाऊन मुलीला आणखी एक उपास धरायला लावत.

नव्व्याण्णव साली मंडळ इंटरनेटवर आलं. सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड दिला होता. दोन महिन्यांत तो इतका पसरला की कुणा टवाळखोरांनी मुलींचे फोटो छापून पानाच्या टपरीवर चिकटवले. मंडळाचे चिटणीस दाजी, सचिवालयातून निवृत्त झालेले, पांढरी टोपी, कपाळाला अष्टगंध, त्यांनी नौपाड्यातल्या कंप्युटर कंपनीला फोन केला. कंपनीनं मंदाकिनीला पाठवलं.

मंदाकिनी एकोणतीस वर्षांची. कामात शांत, हात चलाख. दाजींना समजेल असं तिनं सांगितलं.

"दाजी, प्रत्येक घराला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. तो एकदाच विचारायचा. बरोबर असला की कंप्युटर त्या घराला एक टोकन देतो."

"बँकेत पितळी बिल्ला देतात, तसं?"

"तसंच. पुढे दर पानाला पासवर्ड नाही विचारायचा, नुसतं टोकन बघायचं. थोडा वेळ कुणी हललं नाही की टोकन रद्द. आणि टोकन कुणाचं आहे त्यावरून ठरतं, त्यांना काय उघडायचं नि काय नाही. फोटो-पत्रिका आधी. घरची माहिती दोन्हीकडून होकार आल्यावर, तुम्ही सोडाल तेव्हा."

दाजी खूश झाले. मग खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाले, "आणि ते आमचं टिंब गं. ते दिसायला नको, पण असायला हवं."

गोदूबाईंनी तिला दोन्ही कपाटं समजावून सांगितली, तांदूळ निवडावेत इतक्या निगुतीनं. मंदाकिनीनं ते वहीत लिहून घेतलं. टिंबाच्या टोकनाला बाहेरचं कपाट कधी उघडायचं नाही. तिथं पाटी यायची, 'सध्या योग्य स्थळ उपलब्ध नाही'. काम म्हणून काम. तिनं आठ दिवसांत करून दिलं. शिवाय दाजींच्या सांगण्यावरून एक नोंदवहीही केली. कुणी काय बदललं, कुठल्या तारखेला, ते त्या माणसाच्या टोकनासह आपोआप लिहिलं जाई.

मग फॉर्म कंप्युटरात चढवायला बसली. आतल्या कपाटातला सदतिसावा फॉर्म तिच्या धाकट्या बहिणीचा निघाला. शालूचा.

शालूचं नाव दोन वर्षं मंडळात होतं. दोन वर्षांत एकही स्थळ आलं नव्हतं. आई, चंद्रभागाबाई, म्हणायची रंगानं मार खाल्ला. शालूनं सोळा सोमवार केले, मग शुक्रवार धरले, मग चातुर्मासात मीठ सोडलं. गुडघ्यांवर प्रदक्षिणा घालून तिचे गुडघे काळे पडले होते. आणि इथं कोपऱ्यात टिंब होतं. खाली 'घरातील माणसे' या रकान्यात गोदूबाईंचं सुबक अक्षर: थोरली बहीण, माघारी.

मंदाकिनी विठ्ठलवाडीच्या सासरी अकरा महिने होती. नवरा पट्ट्यानं मारायचा. डाव्या कानानं तिला अजून कमी ऐकू येई. चार वर्षांपूर्वी ती आईकडे आली, आणि पुढं त्यांनी कल्याणची जागा सोडून डोंबिवलीत घर घेतलं. नव्या बिल्डिंगीत आईनं तिला मंगळसूत्र काढायला लावलं आणि सगळ्यांना सांगितलं, ही माझ्या बहिणीची मुलगी, नोकरीला आमचं घर सोयीचं पडतं म्हणून राहते. शेजारणींपुढे मंदाकिनी आईला मावशी म्हणे. सवय झाली होती. पगार मात्र मुलगी म्हणून द्यायची.

"गोदूबाई, शालू माझी बहीण. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या आईनंच गं." गोदूबाईंनी जपमाळ बाजूला ठेवली. "रडत होती बिचारी. मी म्हटलं, मन मोकळं करा, इथं कोण आहे ऐकायला. तू मनाला लावून घेऊ नकोस हो. देव सगळ्यांचं बघतो."

मंदाकिनीनं मनाला लावून घेतलं. चार दिवस तिला अन्न गेलं नाही. शालू रोज तिन्हीसांजेला देवापुढे बसून पोथी वाचे, आणि ते वाचणं ऐकताना तिला वाटे, हिच्या नि हिच्या देवाच्या मधे मीच उभी आहे. आपण देवाला नवस बोलतो खरे, पण आपल्या पुढचं दार माणसांनी बंद केलेलं असलं तर देवानं तरी काय करावं?

संकष्टी आली. मंदाकिनी ती निर्जळी करायची. सकाळी न्हाऊन अथर्वशीर्ष म्हटलं, कंपनीत गेली, तिथल्या फोनलाइनवरून मंडळाचं काम उघडलं आणि स्वतःच्या टोकनावर शालूचं टिंब काढून टाकलं. असं काम एरवी हातून झालं नसतं. पण दिवस विघ्नहर्त्याचा होता. तिनं स्क्रीनलाच हात जोडले.

तिसऱ्या दिवशी कल्याणच्या एका घराचा होकार आला. मुलगा उत्तम, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला, एकुलता, निर्व्यसनी. फोटो पाहून त्याच्या आईनं लिहिलं होतं, मुलगी सोज्वळ वाटते. शालूनं पत्रिका तीनदा वाचली. सबंध घरात दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी मोठ्यानं हसलं.

"ताई, तुझ्या कंप्युटरला नारळ फोडायला हवा गं!" शालू म्हणाली.

शालूकडूनही होकार गेला. रविवारी सकाळी दोन्ही घरांची माहिती एकमेकांना उघडायची होती आणि संध्याकाळी मुलाकडचे मुलगी पाहायला यायचे होते. गुरुवारी दाजींनी मंदाकिनीला बोलावून घेतलं.

ते रागावलेले नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. मग तिनंच केलेली नोंदवही स्क्रीनवर उघडून बोट ठेवलं.

"संकष्टीला मंडळ बंद असतं, मंदाकिनी. मी टिटवाळ्याला जातो, गोदूबाई माझ्याबरोबर असतात. अठरा वर्षांत खंड नाही. त्या दिवशीची एकच नोंद आहे बघ. एरवी हजारात ती मला दिसली नसती."

मंदाकिनीनं नोंद वाचली. तारखेपुढे तिचंच टोकन होतं.

"बरा दिवस शोधलास हो," दाजी म्हणाले. गोदूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"दाजी, शालूचा काय दोष? तुम्ही मला शिक्षा करा."

"मी शिक्षा करणारा कोण? आणि शालूचा दोष आहे असं म्हटलंय कुणी? टिंब तिचं नाहीच. टिंब तुझं आहे. 'घरातील माणसे' यात तू आहेस म्हणून ते पडलं. तू त्या रकान्यात नसशील तर मी कशाला टिंब ठेवू? मला काय मुलीचे शाप घ्यायचेत?" त्यांनी बशीत चहा ओतला. "रविवारपर्यंत थांबतो. रविवारी माहिती उघडेल, ती रकान्यात असेल तशी. कंपनीला कळवत नाही, तुझी नोकरी राहू दे. फक्त आज जायच्या आधी एक कर. घरची माहिती यापुढे त्या घरच्याच माणसानं स्वतःच्या टोकनावर बदलायची. तुला नाही, मला नाही, कुणाला नाही. उगाच मोह नको."

तिनं तासाभरात तो नियम लिहिला. तपासून पाहिला. तिचं टोकन पुढे करताच कंप्युटरनं नकार दिला. काम चोख झालं होतं.

घरी येऊन तिनं आईला आणि शालूला सगळं सांगितलं, टिंबापासून. तिला आशा होती की आई म्हणेल, जळो तो रकाना, आपण त्या लोकांना खरं सांगू. चंद्रभागाबाई वाती वळत होत्या. त्यांनी हातातली वात पुरी केली.

"म्हणजे तू नसलीस की झालं ना?"

"आई!"

"अगं, कायमचं नाही म्हणत. कोपरीला कॉट बेसिसवर, नुसत्या खाटेच्या भाड्यानं, नोकरदार बायकांना ठेवून घेतात म्हणे. गोदूबाईंना विचार, त्या सोय करतील. तुला ऑफिसही जवळ."

मंदाकिनीनं शालूकडे पाहिलं. शालू पोथीचं पान दुमडत होती. "ताई, तूच म्हणायचीस ना, माझ्यासाठी काहीही करीन."

शनिवारी दुपारी शालू पहिल्यांदाच मंडळात आली. नवी कोरी साडी, वेणीत अबोली. दाजी जेवायला गेले होते. गोदूबाई खिडकीपाशी जप करत होत्या. मंदाकिनीनं खुर्ची ओढून दिली. शालूला माऊस धरता येईना, बाण पडद्याबाहेर पळे, तेव्हा मंदाकिनीनं तिच्या हातावर हात ठेवला, लहानपणी पाटीवर श्री गिरवून घेतला होता तसा.

नाव, पासवर्ड, टोकन. 'घरातील माणसे'. आई. थोरली बहीण.

"इथं दाब. 'कमी करा'."

शालूनं दाबलं. कंप्युटरनं कारण विचारलं आणि तीन पर्याय पुढे केले. विवाह झाला. घर सोडले. मयत. दाजींच्या कागदावरून मंदाकिनीनंच ते ओळीनं घातले होते.

"घर सोडले," शालू म्हणाली. "हेच ना?"

मंदाकिनीला हो म्हणता आलं असतं. एवढं एक अक्षर. पण शालू तिच्याकडे इतक्या विश्वासानं पाहत होती.

"त्यानं टिंब जात नाही. घर सोडलेल्या मुलीचं टिंब राहतं. आणि विवाह झाला म्हटलंस तर सासरचा पत्ता भरावा लागतो, गोदूबाई तिथं चौकशी करतात."

"मग कशानं जातं?"

गोदूबाईंच्या माळेचे मणी थांबले.

"तिसऱ्यानं," मंदाकिनी म्हणाली.

शालूनं ओठ चावला. डोळे भरून आले तिचे, खोटं कशाला सांगा. दोन थेंब साडीवर पडले, ते तिनं डाग पडेल म्हणून घाईनं टिपले. मग बाण हळूहळू खाली नेला आणि दाबलं. या वेळी बाण हलला नाही.

आणखी एक चौकोन उघडला. तारीख.

"अगं बाई, आता कुठली घालू?"

"आजची नको हो!" खिडकीतून गोदूबाई म्हणाल्या. "वर्षाच्या आतलं मरण असलं की मुलाकडचे थांबतात. लग्न लांबेल. जरा मागची घाला."

शालू बोटं मोडत विचार करू लागली. एकदम तिचा चेहरा उजळला. "तू विठ्ठलवाडीहून आलीस ती तारीख घालू? रामनवमीच्या आदल्या दिवशी आलेलीस ना? आईच्याही लक्षात राहील. नाहीतर ती एक सांगायची नि मी एक."

"घाल," मंदाकिनी म्हणाली आणि आकडे तिनंच सांगितले.

चौकोन मिटला. 'घरातील माणसे' यात आता एकटी आई उरली होती. गोदूबाईंनी देवापुढची वाटी आणून दोघींच्या हातावर खडीसाखर ठेवली. शालूनं तिची खाल्ली. पदर सावरून ती उठली, दारात चप्पल घालता घालता थांबली.

"ताई, तुझ्या कपड्यांची बॅग आईनं भरलीय. उद्या ते लोक यायच्या आधी घेऊन जा. आणि बिल्डिंगीत कुणी विचारलं तर आई सांगेल, बहिणीची मुलगी होती, गेली आपल्या घरी."

"बरं."

"आणि फोन करशील ना? पण लग्नानंतर करशील तेव्हा नाव नको सांगूस गं. त्यांच्या घरात कुणी उचलला तर काय म्हणून सांगणार? गप्प राहा. कुणी बोललं नाही की मी समजेन, तू आहेस."